ओढ्यावरचा एफआरपीचा पूल: पावसाळा आणि थंडी काढल्यानंतर

निफाड तालुक्यात आमच्या द्राक्षबागेचे दोन तुकडे, मधून ओढा. जुना लोखंडी साकव गंजून गेला, म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एफआरपीचा, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचा, सहा मीटरचा पादचारी पूल टाकला. छाटणीपासून काढणीपर्यंत माणसं क्रेट घेऊन त्यावरूनच ये-जा करतायत.

वजन हा मोठा फायदा. पोलादाच्या साधारण पाव भार, त्यामुळे क्रेन लागली नाही, गड्यांनीच तुळया खांद्यावरून आणल्या. स्वित्झर्लंडमध्ये पोंत्रेसिनाला १९९७ साली बांधलेला असाच पूल हिवाळ्यापुरता नदीवर ठेवतात आणि वसंतात पुराआधी उचलून घेतात.

झपझप चालताना मधोमध लचक जाणवते. घाबरू नका, ताकद भरपूर आहे, ताठरपणा मात्र पोलादाच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून अशा पुलाचं डिझाइन बहुतेक वेळा वाकण्यावरच ठरतं, आणि तुळया उंच घ्याव्या लागतात. चालताना पावलं सेकंदाला दोनच्या आसपास पडतात. पुलाची स्वतःची कंपनं त्याच्या जवळ आली की झोके वाढतात. ऑर्डर देण्याआधी हा हिशोब मागून घ्याच.

माझी खरी तक्रार भोकांची. फिटरने रेलिंगची भोकं जागेवर पाडली आणि तशीच उघडी सोडली. कापलेल्या कडेला पांढरे काचेचे तंतू बोटाला टोचत होते. पाऊस थांबल्यावर बाकी पूल सुकायचा, भोकाभोवतीचं काळपट ओलं कडं मात्र दुपारपर्यंत तसंच. अंबडला कारखान्यात असलेल्या भाच्याने पाहिलं आणि बोल्ट काढून सगळ्या कडा रेझिनने बंद करायला लावल्या. बर्फाच्या मुलखात हे टाळलं तर महागात पडतं: भेगेतलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, भेग रुंदावते, वितळलं की आणखी आत शिरतं. बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने लोखंड सडतं, याला ते बाधत नाही. पण उघडी कड कुठेही नको. आमच्याकडे कडाक्यात पारा पाच अंशांच्या आसपास येतो, तेवढ्याने काही झालं नाही. पहाटे दहिवर पडलं तरी वाळूचा थर दिलेल्या फळीवर पाय सरकत नाही.

बोल्ट स्टेनलेसचे आणि वॉशर रुंद घ्या, पान्याला जोर लावू नका. लोखंडासारखं हे दबून सांगत नाही, थेट तडकतं. उन्हाच्या बाजूची रेलिंगची चकाकी थोडी उतरलीय, तिथे यूव्ही रोखणारा रंग मारणार आहे.

माणसांसाठी आणि क्रेटसाठी बिनधास्त घ्या. ट्रॅक्टर न्यायचा असेल तर पूल वेगळा डिझाइन करून घ्यावा लागेल.