परदेशी सहलीचा विमा: तिकिटासोबतचा, कार्डावरचा आणि वेगळा घेतलेला

परदेशी सहलीचा विमा साधारण तीन वाटांनी मिळतो. तिकीट काढताना शेवटच्या पानावर टिक करून, क्रेडिट कार्डासोबत फुकट, किंवा विमा कंपनीकडून वेगळी पॉलिसी घेऊन. तिन्हींच्या अटींचे कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचले तर कौल सरळ आहे. वेगळी पॉलिसी घ्यावी, कार्डाचं कव्हर जोडीला असू द्यावं आणि तिकिटासोबतची टिक बहुतेक वेळा काढून टाकावी.

तिकिटासोबतचा विमा घ्यायला सर्वात सोपा असतो आणि उपयोगाला सर्वात तोकडा. सहल रद्द झाली तर बहुधा तिकिटाचेच पैसे मिळतात. दुसरीकडून बुक केलेलं हॉटेल, क्रूझ किंवा टूर त्यात धरलेली नसते. उपचारांची रक्कम असलीच तर कमी असते. फॉर्ममध्ये आजारांबद्दल काही विचारत नाहीत, हे सोयीचं वाटतं खरं, पण विचारत नाहीत याचा अर्थ बहुधा एवढाच की आधीचे सगळे आजार सरसकट वगळलेले आहेत. तिकीट महाग, बाकी खर्च किरकोळ आणि उपचारांसाठी दुसरं कव्हर हाताशी आहे, अशा वेळीच हा पर्याय पटतो.

कार्डाचं कव्हर पाहताना मोठ्या आकड्याला भुलू नये. तो आकडा पुष्कळदा विमान अपघातात मृत्यू झाला तर द्यायच्या रकमेचा असतो. ताप आला, हाड मोडलं, अपेंडिक्स फुटलं, तर त्यातून एक पैसा मिळेलच असं नाही. बहुतेक कार्डांची अट असते की तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं. पॉइंट वापरून काढलेलं किंवा अर्धे पैसे दुसरीकडून भरलेलं तिकीट चालतं का, हे बँकेकडून लेखी विचारून घ्यावं. बॅग उशिरा येणं, भाड्याच्या गाडीचं नुकसान अशा गोष्टींना मात्र ही कव्हरं कामी येतात.

आता वेगळी पॉलिसी. इथेही सगळ्या सारख्या नसतात, आणि फरक नेमका पहिल्या पानावर दिसत नाही. पहिल्या पानावर विमा रक्कम असते. पैसे देताना बघतात त्या सब-लिमिट, म्हणजे पोटमर्यादा. ज्येष्ठ प्रवाशांच्या पॉलिसीत त्या हमखास सापडतात. समजा विमा रक्कम १,००,००० डॉलर आहे आणि आत लिहिलंय की आयसीयूचा खर्च दिवसाला २,५०० डॉलरपर्यंतच. बिल दिवसाला ७,००० लागलं आणि मुक्काम चार दिवसांचा झाला, तर २८,००० पैकी कंपनी १०,००० देईल. उरलेले १८,००० तुमचे, आणि लाखाची रक्कम जवळजवळ जशीच्या तशी पडून! म्हणून खोली, आयसीयू, सर्जन, भूल, तपासण्या यांना वेगळ्या मर्यादा आहेत का, हे आधी शोधावं. पोटमर्यादा नसलेली ५०,००० ची पॉलिसी पोटमर्यादा असलेल्या लाखाच्या पॉलिसीपेक्षा कितीतरी वेळा चांगली ठरते. त्याच पानावर डिडक्टिबल बघावं, म्हणजे प्रत्येक दाव्यात आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम. ती जास्त ठेवली की हप्ता उतरतो. मोठ्या आजारपणासाठीच विमा हवा असेल तर हा सौदा चांगला आहे.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचं कव्हर लागतं. ते सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या पूर्ण काळात लागू असावं लागतं, आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय, आजारपणामुळे मायदेशी परत आणणं आणि मृत्यू हे सगळं यावं लागतं. हा आकडा व्हिसा मिळण्यापुरता आहे. तेवढं कव्हर पुरेसं आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि अमेरिकेला जायचं असेल तर मुळीच नाही. ‘अमेरिका-कॅनडा वगळून जगभर’ अशी पॉलिसी स्वस्त पडते, पण वाटेत तिथे विमान बदलायचं असेल तर त्या थांब्याला कव्हर आहे का, हे विचारूनच घ्यावी.

इव्हॅक्युएशन या शब्दाखाली तीन निराळी कामं दडलेली असतात. आजारी माणसाला जवळच्या योग्य रुग्णालयात हलवणं हे पहिलं, बरं वाटल्यावर किंवा मृत्यूनंतर मायदेशी आणणं हे दुसरं, आणि डोंगरात किंवा समुद्रात अडकलेल्याला शोधून सोडवणं हे तिसरं. पहिली दोन बहुतेक चांगल्या पॉलिसींत असतात. तिसरं पुष्कळदा नसतं, म्हणून ट्रेकला जाणाऱ्यांनी ते नावानिशी शोधावं. हलवायचं की नाही हे असिस्टन्स कंपनीचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने परदेशात मदत पुरवणाऱ्या कंपनीचे, डॉक्टर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवतात. घरच्यांनी घाबरून परस्पर एअर अ‍ॅम्ब्युलन्स ठरवली तर ते बिल नाकारलं जाण्याची शक्यता फार मोठी असते.

दावे सर्वात जास्त अडतात ते आधीच्या आजारांवर. प्रत्येक पॉलिसीत ‘पूर्वीपासूनचा आजार’ याची व्याख्या असते, ती शब्दन् शब्द वाचावी. काही कंपन्या ठरावीक महिने मागे बघतात आणि तेवढ्या काळात तब्येत ‘स्थिर’ होती का, हे तपासतात. स्थिर म्हणजे तुम्हाला बरं वाटत होतं एवढंच त्यांना पुरत नाही. नवी गोळी सुरू झाली, डोस वाढला, काही पॉलिसींत तर डोस कमी झाला तरी तो बदलच धरतात. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली असेल तर कंपनीला कळवावं आणि उत्तर ई-मेलवर घ्यावं. हप्ता वाढेल म्हणून मधुमेह लपवणं हा सर्वात महाग पडणारा शहाणपणा. मोठा दावा आला की कंपनी जुने केस पेपर मागवतेच. जिथे हे आजार वगळलेले असतात तिथेही जीव धोक्यात असेल तर प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च देणारं कलम असू शकतं. वयस्कर माणसांच्या पॉलिसीत ते कलम आणि त्याची मर्यादा नक्की बघावी.

स्कूटरचं काय? सुट्टीवर भाड्याची स्कूटर घेणं फार साधं वाटतं, आणि दावे फेटाळले जाण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. त्या देशात त्या सीसीच्या गाडीला चालणारा परवाना आणि डोक्यावर हेल्मेट, दोन्ही लागतं. काही पॉलिसी ५० किंवा १२५ सीसीच्या वरची दुचाकी धरतच नाहीत. चारचाकीच्या परवान्यावर स्कूटर चालवली तर पाय मोडल्याचं बिलही अडकतं. स्कूबाला खोलीची मर्यादा असते, बऱ्याचदा १८ किंवा ३० मीटर, आणि सोबत प्रशिक्षित माणूस हवा. ट्रेकला उंचीची मर्यादा असते. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि कित्येक पॉलिसी ३,००० किंवा ४,५०० मीटरलाच थांबतात. वरची उंची अ‍ॅड-ऑन घेऊन मिळते, पण ते निघण्याआधीच घ्यावं लागतं. दारूच्या नशेत झालेला अपघात जवळजवळ सगळीकडे वगळलेला असतो.

सहल रद्द होण्याचं कव्हर घ्यायचं असेल तर परत न मिळणारे पहिले पैसे भरले त्याच दिवशी घ्यावं. हे कव्हर पॉलिसी घेतल्यापासून सुरू होतं, उपचारांचं मात्र प्रवासाला निघाल्यावर. वादळाला नाव पडलं, संप जाहीर झाला किंवा सरकारने त्या देशात जाऊ नका असं सांगितलं, की त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत तेवढं कारण गळतं. पॉलिसीत कारणांची यादी असते आणि त्या यादीबाहेर काही चालत नाही. मन बदललं, कामावरून रजा मिळाली नाही, व्हिसा नाकारला, ही कारणं बहुतेक ठिकाणी त्यात नसतात. कुठल्याही कारणाने रद्द करण्याची सोय मुख्यतः अमेरिकेत विकली जाते. तिला हप्ता बराच जास्त लागतो आणि परत मिळतात ते साधारण ५० ते ७५ टक्के.

बॅगांच्या कव्हरला आम्ही फार महत्त्व देत नाही. एकूण रक्कम दिसते, पण दर वस्तूची मर्यादा कमी असते, आणि चेक-इन बॅगेतला कॅमेरा, लॅपटॉप, दागिने, रोकड बहुधा वगळलेली. तरी बॅग आली नाही तर काय करायचं ते माहीत हवं. पट्टा फिरायचा थांबला आणि बॅग दिसली नाही, की कस्टम ओलांडण्याआधीच विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन तक्रार नोंदवायची, म्हणजे पीआयआर (बॅगेच्या तक्रारीचा लेखी अहवाल) करून घ्यायचा. बोर्डिंग पासला चिकटवलेला बॅगेचा टॅग तिथे दाखवावा लागतो. मॉन्ट्रियल करारानुसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमान प्रवासातल्या भरपाईच्या करारानुसार, मोडतोड झाली असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि बॅग उशिरा आली असेल तर ती मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. २८ डिसेंबर २०२४ पासून विमान कंपनीची जबाबदारी दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. ते पैसे आधी मागायचे. विमा कंपनी तेवढे वजा करूनच देते. परतीच्या प्रवासात, म्हणजे घरी पोचताना बॅग उशिरा आली, तर बहुतेक पॉलिसी काही देत नाहीत.

पॉलिसी घेण्याआधी एक काम जरूर करावं: तिच्या असिस्टन्स नंबरवर रात्री फोन लावून बघावा. माणूस किती वेळात बोलतो, कुठल्या भाषेत बोलतो, आणि तुम्ही जाणार त्या शहरात कॅशलेस रुग्णालय कुठलं हे सांगू शकतो का? टोल-फ्री नंबर परदेशातून पुष्कळदा लागत नाही, म्हणून देशाच्या कोडसकटचा नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवावा. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर शक्यतो दाखल होण्याआधी, नाहीतर २४ तासांच्या आत कळवावं. पॉलिसीत नेमकी किती मुदत दिली आहे ते बघून ठेवावं. कॅशलेस कव्हर असलं तरी रुग्णालयाने कंपनीचं हमीपत्र स्वीकारलं तरच ते चालतं. छोट्या दवाखान्यात पैसे भरावेच लागतात. तिथे आजाराचं नाव लिहिलेला डॉक्टरांचा कागद आणि खर्चाचा तपशील असलेलं बिल घ्यावं, नुसती कार्डाची पावती चालत नाही. चोरी झाली किंवा पासपोर्ट हरवला तर त्याच शहरात पोलिसांचा रिपोर्ट घ्यावा, शक्यतो २४ तासांत.

तारखा ठरवताना परतीच्या पुढे दोन-तीन दिवस जास्त धरावेत. हप्त्यात फारसा फरक पडत नाही, आणि मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी वाढवावी लागते. मधे दावा झालेला असेल तर कंपनी नाही म्हणू शकते. वर्षभराची मल्टी-ट्रिप पॉलिसी घेतली असेल तर दर प्रवासाची मर्यादा बघावी, ती ३०, ४५ किंवा ६० दिवस अशी असते. दाव्यासोबत प्रवासाच्या तारखांचा पुरावा मागतात. इतकी वर्षं पासपोर्टवरचा शिक्का पुरत होता. शेंगेन देशांच्या सीमांवर ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, तेव्हा बोर्डिंग पास, छापील असो वा मोबाइलमधला, दावा मिटेपर्यंत जपून ठेवावा.