नॉर्वेचा उत्तर किनारा पाहावा कसा: बर्गन–किर्केनेस जहाजाने की रस्त्याने?

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याला जाऊ इच्छिणाऱ्यांपुढे दोन मार्ग असतात. एक बर्गनहून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जाणाऱ्या किनारी जहाजाचा आणि दुसरा रेल्वे, भाड्याची गाडी आणि फेरीबोटी यांची सांगड घालून करायच्या प्रवासाचा. मी दोन्ही मार्गांनी वेगवेगळ्या ऋतूंत हिंडलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की हा निर्णय खर्चावरून किंवा सुखसोयींवरून न करता आपण जाणार त्या दिवसांत तिथे उजेड किती असेल यावरून करावा.

या जहाजाला क्रूझ म्हणण्याची पद्धत पडली असली, तरी ती मुळात माल आणि उतारू यांची, आणि पूर्वी टपालाचीही, वाहतूक करणारी सेवा आहे. १८९३ मध्ये रिचर्ड विथ यांनी ती सुरू केली, आणि २०२१ पासून हुर्टिगरूटन या कंपनीच्या जोडीने हाविला या दुसऱ्या कंपनीची जहाजेही त्याच वेळापत्रकात धावू लागली. मार्गावर ३४ बंदरे आहेत. पूर्ण फेरीला अकरा रात्री लागतात. त्यामुळे करमणुकीचे मोठे कार्यक्रम, जलतरण तलाव आणि मध्यरात्रीपर्यंतची रोषणाई यांची अपेक्षा ठेवणाऱ्याची इथे निराशा होईल. मात्र लहानशा बंदरात खोकी उतरत असताना, पाठीवर पिशवी घेतलेला एखादा स्थानिक माणूस पुढच्याच बंदरापर्यंतच्या प्रवासासाठी चढताना पाहण्यात ज्याला रस आहे, त्याला या जहाजासारखे दुसरे काही सापडणार नाही.

वेळापत्रक मात्र नीट वाचायला हवे, कारण बऱ्याच ठिकाणी जहाज अर्धा तासही थांबत नाही. जाताना जी बंदरे रात्री लागतात ती बहुतांशी येताना दिवसा लागावीत, अशी त्याची आखणी आहे. उत्तरेकडे जाताना ट्रोम्सो दुपारी लागते आणि शहर पाहायला काही तास मिळतात. परतीच्या वाटेवर तेच ट्रोम्सो मध्यरात्रीच्या सुमारास येते. याउलट वेस्टरोलेन बेटांमधल्या अरुंद सामुद्रधुन्या जाताना अंधारात निघून जातात आणि येताना भर दिवसा दिसतात. केवळ जाण्याचे तिकीट काढणाऱ्याने आपण काय सोडतो आहोत हे आधी समजून घ्यावे.

जहाजाची खरी मर्यादा मला टोर्गहाटन डोंगरापाशी जाणवली. ब्रॉन्नॉयसुंडजवळच्या या डोंगराला आरपार भोक आहे, सुमारे १६० मीटर लांबीचे. दक्षिणेकडे येणाऱ्या जहाजावरून ते दिसते, प्रवासी एका बाजूला गोळा होतात, आणि थोड्याच वेळात डोंगर मागे पडतो. रस्त्याने आलेला माणूस पायथ्याशी गाडी ठेवून वर चढतो, त्या भोकातून चालत जातो आणि पलीकडे पसरलेली असंख्य बेटे निवांत पाहतो. हा डोंगर स्टाइनशेर ते बोडो या सुमारे ६५० किलोमीटरच्या किनारी मार्गापासून, म्हणजे काउंटी रस्ता १७ पासून, जवळच आहे. या वाटेवर सहा फेरीबोटी घ्याव्या लागतात, आणि त्यांपैकी किलबोगहाम्न ते येक्टविक ही तासाभराची फेरी उत्तर ध्रुववृत्त ओलांडते. त्यामुळे ध्रुववृत्त समुद्रावरून ओलांडण्याचा आनंद मिळवण्यासाठी जहाजच हवे असे नाही.

लोफोटेन या बेटसमूहाविषयी तर मला शंकाच नाही. तिथे रस्त्यानेच हिंडावे. मार्च ते मे या काळात तिथल्या लाकडी मांडवांवर कॉड मासे मीठ न लावता नुसत्या थंड वाऱ्यावर वाळत असतात, आणि आपल्याकडे वर्सोवा किंवा सातपाटीला बांबूंवर वाळणारे बोंबील ज्याने पाहिले आहेत त्याला त्या वासासकट सगळे ओळखीचे वाटते. जहाज लोफोटेनमधल्या स्वोलव्हेर बंदरात थांबते ते संध्याकाळी किंवा रात्री, आणि रेइने, नुसफ्योर्ड ही गावे तर त्याच्या वाटेवर येतच नाहीत. मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नसल्यामुळे गर्दीचा रस्ता रात्री अकरानंतर मोकळा मिळतो. कोळ्यांच्या जुन्या पद्धतीच्या लाकडी घरांत, म्हणजे ‘रोर्बू’त, बहुधा स्वयंपाकघर असते; शाकाहारी कुटुंबासाठी आणि हॉटेलांचे दर पाहून दबकणाऱ्या कोणासाठीही ही मोठी सोय आहे. वाहन उजव्या बाजूने चालवावे लागते, आणि आपला परवाना चालेल की नाही हे गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून आधीच लेखी विचारून घ्यावे.

हिवाळ्यात माझे मत उलट आहे. ट्रोम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. अशा अंधारात, बर्फाळ आणि अनोळखी रस्त्यावर, तेही उजव्या बाजूने गाडी हाकण्यात धाडस असेल, पण प्रवासाचे सुख नाही. वयस्कर आईवडिलांना घेऊन जायचे असेल तर जहाजच निवडावे, कारण सामान एकदाच खोलीत ठेवले की रोज हॉटेल बदलावे लागत नाही. उत्तर प्रकाश, म्हणजे रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत अरोरा, दिसला की जहाजावर घोषणा होते. तरीही एक गोष्ट सांगायला हवी: आकाश ढगाळ असेल तर जहाज आपली वाट सोडून निरभ्र जागेकडे जाऊ शकत नाही, आणि ट्रोम्सोहून गाडीने निघणारे वाटाडे मात्र त्यासाठी फिनलंडच्या सीमेपर्यंतही जातात. केवळ उत्तर प्रकाशासाठी येणाऱ्याने ट्रोम्सोलाच काही रात्री मुक्काम करून अशा वाटाड्याबरोबर जावे हे बरे.

या जहाजाचे दोन बंदरांपुरते तिकीटही मिळते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. उन्हाळ्यात मी सुचवीन ती आखणी अशी: ट्रॉन्डहाइमहून ७२९ किलोमीटरच्या नूरलान्ड रेल्वेने बोडो गाठावे, तिथून वेगवान उतारू बोटीने स्वोलव्हेरला जावे, गाडी तिथेच भाड्याने घेऊन लोफोटेन पाहून झाल्यावर तिथेच परत करावी, म्हणजे दुसऱ्या गावी गाडी सोडण्याचा भुर्दंड पडत नाही, आणि मग रात्रीच्या उत्तरगामी जहाजात बसून दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रोम्सोला उतरावे. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी बोडो ते लोफोटेनमधला वेस्टफ्योर्ड हा उघडा समुद्र ध्यानात ठेवून गोळ्या बरोबर बाळगाव्यात, आणि जहाजात खोली घेताना खालच्या मजल्यावरची, मध्यभागातली मागावी.