सेंट जॉर्जचा झेंडा, ५ × ३ फूट: कापड, काठी आणि शेजाऱ्यांची नजर

हे परीक्षण इंग्लंडच्या झेंड्याचं आहे, म्हणजे सगळ्या युनायटेड किंगडमच्या युनियन जॅकचं नाही, पांढऱ्यावर लाल क्रॉसवाल्या सेंट जॉर्जच्या झेंड्याचं. २३ एप्रिल, म्हणजे इंग्लंडचा संरक्षक संत सेंट जॉर्ज याचा दिवस, जवळ आला किंवा फुटबॉलची मोठी स्पर्धा लागली, की इंग्लंडमधल्या मराठी घरांतही दोन प्रश्न निघतात: कुठला घ्यायचा, आणि लावला तर लोक काय म्हणतील? दुसरा प्रश्न शेजारच्या इंग्लिश घरातही असतोच, तिथे तो जरा हळू आवाजात विचारला जातो. दोन्हींची उत्तरं एकत्रच द्यायला हवीत, कारण झेंडा कसला आहे, कुठे लावलाय आणि त्याची निगा कशी राखली जाते, यावरच बघणाऱ्याचं मत बनतं.

आधी वस्तू. घरासाठी नेहमीचं माप ५ × ३ फूट, म्हणजे साधारण १५० × ९० सेंटिमीटर. घडी उघडल्यावर पहिलं काम म्हणजे टेप लावणं. लाल पट्ट्याची रुंदी झेंड्याच्या उंचीच्या एक पंचमांश असावी, म्हणजे ९० सेंटिमीटरला १८. आडवा पट्टा आणि उभा पट्टा, दोन्ही तेवढेच. उभा पट्टा बरोबर मध्यावर हवा. तो काठीकडे सरकला की झेंडा डेन्मार्क-नॉर्वेच्या धाटणीचा दिसायला लागतो, आणि क्रॉस बारीक झाला की लांबून नुसतं पांढरं फडकं दिसतं. या झेंड्याचा एक मोठा फायदा असा, की तो उलटा लागूच शकत नाही. युनियन जॅकमध्ये काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात जाड पांढरी पट्टी वर यावी लागते आणि तिथे भलेभले चुकतात.

आडव्या पट्ट्यावर ‘इंग्लंड’ असं छापलेले झेंडे फुटबॉलच्या दिवसांत सर्रास मिळतात. सामन्यापुरते ठीक. घरावर कायम लावायचा असेल तर मात्र साधाच घ्या. इंग्लंडमध्ये राष्ट्रध्वज लावायला कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, परवानगी लागत नाही, पण ही सूट झेंड्याच्या मूळ रचनेला आहे. त्यावर वेगळा मजकूर किंवा जाहिरात चालत नाही. पबवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण बिअर कंपन्यांकडून येणाऱ्या झेंड्यांवर कोपऱ्यात त्यांचं चिन्ह असतं.

कापडाचे ढोबळमानाने तीन प्रकार. सुपरमार्केटमध्ये पाच-दहा पौंडांत मिळणारा पातळ छापील पॉलिएस्टरचा. मधला, चौरस मीटरला साधारण ११५ ग्रॅम वजनाच्या विणीचा. आणि सगळ्यात टिकाऊ म्हणजे १५५ ग्रॅमच्या घट्ट विणलेल्या पॉलिएस्टरचा. यात लाल पट्टे वेगळे कापून शिवलेले असतात, आणि किंमत तीस पौंडांच्या पुढे जाते. छापील झेंड्यात रंग एका बाजूने दिलेला असतो, त्यामुळे मागची बाजू फिकी दिसते. उन्हाने त्यातला लाल आधी नारिंगी आणि मग गुलाबी होतो. शिवलेल्यात दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

झेंडा फाटायला सुरुवात होते ती काठीपासून लांबच्या कडेला. वाऱ्यात ती कड चाबकासारखी आपटत राहते, आधी कोपऱ्याची शिवण सुटते, मग धागे निघतात, आणि नंतर आडवी चीर आत पांढऱ्या चौकोनात शिरते. विकत घेताना त्या कडेला शिवणीच्या किमान दोन ओळी आहेत का ते पाहा, चार असल्या तर उत्तम. सुटायला लागली की लगेच काढून दोन-तीन सेंटिमीटर कापायची आणि दुमडून पुन्हा शिवायची. एवढ्याने झेंडा आणखी एक मोसम सहज निघतो. ओला झेंडा घडी करून ठेवू नका, पांढऱ्यावर बुरशीचे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. धुवायचा तर थंड पाण्यात, वेगळा.

आता अडकवण्याची सोय. स्वस्त झेंड्याला काठीकडच्या बाजूला दोन पितळी आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या गोल कड्या, असतात. त्या जागी कापड एकेरी असेल तर पहिल्याच वादळात आयलेट कापडासकट निघून येतं. चांगल्या झेंड्याला तिथे जाड कॅनव्हासची पट्टी असते आणि तिच्यातून दोरी ओवलेली असते. वरच्या टोकाला बोटाएवढी लाकडी खुंटी, म्हणजे टॉगल, आणि खाली मोकळी दोरी. खुंटी वर जाते. काठीच्या दोरीला जो फास असतो त्यात ती आडवी अडकवायची, आणि खालची दोरी शीट बेंड गाठीने बांधायची. गाठ येत नसेल तर घरातल्या किंवा शेजारच्या स्काउट पोराला विचारा. सेंट जॉर्ज हा स्काउटांचाही संरक्षक संत आहे, आणि एप्रिलमध्ये २३ तारखेच्या आसपासच्या रविवारी त्यांचं संचलन असतं.

भिंतीवरच्या तिरक्या ब्रॅकेटसाठी सहा फुटांची काठी पुरते. भोक विटेच्या मधोमध पाडा. दोन विटांमधल्या चुन्यात बसवलेला स्क्रू वाऱ्याच्या हिसक्यांनी हळूहळू सैल होतो. तिरक्या काठीवर झेंडा स्वतःलाच गुंडाळून घेतो आणि मग चार दिवस लाल-पांढऱ्या वळकटीसारखा लटकतो. यावर उपाय म्हणजे काठीवर मोकळ्या फिरणाऱ्या रिंगा, त्या वेगळ्या मिळतात. अंगणात उभा ॲल्युमिनियमचा खांब असेल तर दोरी खांबावर आपटून रात्रभर टणटण वाजते. शेजाऱ्यांची जी पहिली तक्रार येते ती बहुतेक वेळा या आवाजाची असते, राष्ट्रवादाची नव्हे. दोरी ताणून बंजीने, म्हणजे रबरी लवचिक दोरीने, खांबापासून जरा बाजूला ओढून बांधली की आवाज थांबतो.

परवानगीचं थोडक्यात: जागा तुमची नसेल तर मालकाची संमती हवी. फ्लॅट असेल तर लीजमध्ये बाहेर काही टांगण्याबद्दल कलम आहे का ते वाचा, बहुधा असतं. जुन्या, संरक्षित यादीतल्या इमारतीला भोक पाडण्याआधी वेगळी मंजुरी लागते. काठी फुटपाथवर झुकत असेल तर कौन्सिलला आधी विचारा. तिरंगाही लावायचा असेल तर दोन वेगळ्या काठ्या, सारखी उंची, सारखं माप. दोन देशांचे झेंडे एका काठीवर वर-खाली लावत नाहीत, खालचा झेंडा हरलेल्याचा समजला जातो.

आता लोक काय म्हणतील ते. आमचं मत आधीच सांगतो: इंग्लिश माणसाने आपला झेंडा मान वर करून लावावा, आणि त्याला त्याबद्दल खुलासा द्यायला लागू नये. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूचा दिवस, म्हणजे ३० नोव्हेंबर, बँक हॉलिडे आहे. उत्तर आयर्लंडमध्ये सेंट पॅट्रिकच्या दिवशी, १७ मार्चला सुट्टी असते. इंग्लंडला २३ एप्रिलची सुट्टी नाही. आपल्याच संताच्या दिवशी नेहमीसारखं कामावर जाणाऱ्या लोकांनी दारावर एक झेंडा लावला, तर त्यात कोणाचं काही जात नाही.

तरी कुजबुज होते, आणि तिला कारणं आहेत. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची छायाचित्रं पाहिली तर लंडनच्या वेम्बली मैदानात बहुतेक हातांत युनियन जॅक दिसतो. सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट या कट्टर उजव्या पक्षाचे मोर्चे तोच घेऊन निघत. सेंट जॉर्जचा क्रॉस सामान्य प्रेक्षकाच्या हातात मोठ्या संख्येने आला तो १९९६ च्या युरो या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत, त्याच वेम्बलीत, इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याच्या वेळी. त्यात प्रेमच होतं. पुढे २००९ मध्ये इंग्लिश डिफेन्स लीग ही मुस्लिमविरोधी संघटना निघाली आणि तिने तोच झेंडा मशिदींसमोर नेला. ज्यांच्या गल्लीतून असा मोर्चा गेला त्यांना तो क्रॉस वेगळा दिसला, तर त्यांना दोष देता येत नाही.

पण उलट बाजूचा अन्यायही खरा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये रॉचेस्टरच्या पोटनिवडणुकीच्या दिवशी लेबरच्या खासदार एमिली थॉर्नबेरी यांनी एका घराचा फोटो ट्विटरवर टाकला: खिडक्यांवर इंग्लंडचे झेंडे, बाहेर पांढरी व्हॅन. सोबत तुच्छतेचा एकही शब्द नव्हता. तरी ही साध्या कष्टकरी माणसाची टिंगल आहे, असा अर्थ लोकांनी लगेच काढला, आणि त्याच दिवशी त्यांना शॅडो, म्हणजे विरोधी पक्षाचं, मंत्रिमंडळ सोडावं लागलं. घरमालकाने काहीच केलं नव्हतं. त्याने स्वतःच्या खिडकीत स्वतःचा झेंडा लावला होता, आणि लोक नेमके त्याच्याच बाजूने उभे राहिले.

२०२५ च्या उन्हाळ्यात दोन्ही चित्रं महिन्याभरात दिसली. २७ जुलैला बाझेलमध्ये इंग्लंडच्या महिला संघाने स्पेनला पेनल्टीवर हरवून युरो जिंकला, आणि सगळ्या रंगांच्या पोरींनी गालांवर क्रॉस रंगवून घेतला. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमसह अनेक शहरांत दिव्याच्या खांबांवर रात्रीतून झेंडे लागले आणि छोट्या गोल चौकांच्या पांढऱ्या घुमट्यांवर लाल पट्टे ओढले गेले. त्याच आठवड्यांत आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या हॉटेलांबाहेर निदर्शनं चालू होती. झेंडा एकच. लावणाऱ्यांतले कित्येक साधे, आपल्या गावावर प्रेम करणारे लोक होते, यात शंका नाही. तरी खांबावरचा झेंडा वेगळा वाचला जातो. घराच्या भिंतीवरचा झेंडा ‘मी इंग्लिश आहे’ म्हणतो. सार्वजनिक खांबावर, न विचारता, रांगेने बांधलेला झेंडा ‘ही गल्ली आमची आहे’ म्हणतो, आणि त्या गल्लीत राहणाऱ्या प्रत्येकाला आपण त्या ‘आमची’मध्ये आहोत का, हे तपासावं लागतं.

व्यवहाराच्या बाजूनेही खांब ही वाईट जागा आहे. १९८० च्या हायवेज ॲक्टप्रमाणे परवानगीशिवाय रस्त्यावर किंवा त्यावरच्या खांबावर काही रंगवणं, चिकटवणं हा गुन्हा आहे. खांब ठरावीक वाऱ्याचा ताण धरून उभे केलेले असतात, आणि झेंडा तो ताण वाढवतो. शिडी वाहत्या रस्त्यावर लावावी लागते. शिवाय तिथे वापरतात तो बहुधा पातळ छापील झेंडा, प्लॅस्टिकच्या केबल टायने आवळलेला. हिवाळ्यापर्यंत त्याची लांबची अर्धी बाजू झिजून जाते आणि धुराने काळवंडलेल्या दोन चिंध्या उरतात. बांधणारा उतरवायला परत येत नाही. झेंड्यावर ज्याचं प्रेम आहे त्याने तो या अवस्थेला जाऊ देऊ नये. हा आमचा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा आक्षेप आहे.

जिथे कोणी वळूनही बघत नाही अशा जागा भरपूर आहेत. गावातल्या चर्चचा मनोरा ही त्यातली सर्वांत जुनी. १९३८ पासून चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चवर सेंट जॉर्जचाच क्रॉस, वरच्या कोपऱ्यात त्या बिशपच्या क्षेत्राचं चिन्ह घालून, लावण्याची रीत ठरलेली आहे. पब, क्रिकेट क्लबचं पॅव्हेलियन, स्पर्धेच्या दिवसांत कोणतीही खिडकी, हेही तसंच. गाडीच्या काचेत अडकवायचे छोटे झेंडे गावात ठीक. मोटरवेवर चढण्याआधी मात्र काढा, वेगात प्लॅस्टिकची दांडी मुळाशी मोडते आणि मागच्या गाडीवर जाते. नंबरप्लेटवर इंग्लंडचा क्रॉस कायदेशीर आहे, पण तशी प्लेट घेऊन युरोपात जाताना वेगळं ‘यूके’चं स्टिकर लावावं लागतं.

मराठी घरांबद्दल एक गोष्ट. ‘ब्रिटिश’ म्हणायला आपण पटकन तयार होतो, ‘इंग्लिश’ म्हणताना जीभ अडखळते. ही अडखळ आपलीच आहे असं नाही. २०११ च्या जनगणनेत राष्ट्रीय ओळखीच्या प्रश्नावर इंग्लंड-वेल्समधल्या ५७.७ टक्के लोकांनी फक्त ‘इंग्लिश’वर खूण केली होती. २०२१ मध्ये ती १४.९ टक्क्यांवर आली आणि फक्त ‘ब्रिटिश’ ५४.८ टक्क्यांवर गेली. याचं मुख्य कारण म्हणजे फॉर्ममध्ये ‘ब्रिटिश’चा चौकोन सगळ्यात वर आणला होता. जी ओळख चौकोनांच्या क्रमाने एवढी हलते तिच्या दारात आपल्याला जागा नाही, असं समजायचं कारण नाही. लेस्टरमध्ये किंवा स्लाउमध्ये जन्मलेल्या मुलाने हा झेंडा मागितला तर त्याला चांगल्या कापडाचा आणून द्या.

खरेदीचा सल्ला: एका स्पर्धेपुरता हवा असेल तर स्वस्त छापील पुरे, पाचपैकी अडीच तारे. दरवर्षी लावायचा असेल तर १५५ ग्रॅमचा शिवलेला, टॉगलवाला, साडेचार तारे. अर्धा तारा किमतीसाठी कापला. सोबत फिरत्या रिंगांची काठी घ्या. २३ एप्रिलला सकाळी लावा, जोराच्या वाऱ्याचा इशारा आला की उतरवा. चर्चच्या कार्यक्रमाला जाणार असाल तर तारीख आधी पाहून घ्या. ईस्टर उशिरा आला की चर्च हा सण पुढे ढकलतं, २०२५ मध्ये तो २८ एप्रिलला होता.