घोडा लेकीचा, शिंका माझ्या

लेक दर रविवारी घोडेस्वारी शिकते. घोड्याला हातही न लावता शिंका मात्र मला. तिचं जॅकेट गाडीत आलं की पुण्यात एरंडवण्यापर्यंत डोळे चोळत यायचं. शेवटी डेक्कनजवळच्या एका अ‍ॅलर्जी क्लिनिकमध्ये गेले. वेळ ११ ची, नंबर लागला सव्वाबाराला, आणि पार्किंगच्या नावानं शंख. तपासणी मात्र झकास. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करा, हे फोनवरच सांगितलं होतं. हातावर घोडा वगैरे निरनिराळ्या संशयितांच्या अर्काचे थेंब, प्रत्येकावर बारीकशी टोचणी, मग १५ मिनिटं बसायचं. घोड्याच्या थेंबापाशी टपोरी गांधी उठली. खाजवायचं नाही म्हणे! डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं: दोष केसांचा नाही, कोंड्यातल्या आणि लाळेतल्या प्रथिनांचा. मुख्य गुन्हेगार ‘इक्यू सी १’, लिपोकॅलिन नावाच्या प्रथिनांच्या कुळातला. मांजर-कुत्र्यांतही त्याचे भाऊबंद असतात. म्हणजे बहिणीच्या मनीवरचा माझा संशय अगदीच खोटा नव्हता. इंजेक्शनांचा कोर्स गळ्यात मारला नाही. लेकीनं तिथंच कपडे बदलून पिशवीत बांधून आणायचे, एवढंच. चार तारे देते. पाचवा पार्किंगनं खाल्ला.