२० रुपयांचा सुरक्षा विमा: विनावेतन इंटर्नशिपला पुरतो का?

मे-जून आला की सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटवर तीन कागद मागितले जातात: कॉलेजचं पत्र, आधारची झेरॉक्स आणि 'विम्याची कॉपी'. तिसऱ्या कागदाच्या जागी अनेक मुलं मोबाईलवरचा बँकेचा मेसेज दाखवतात. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना, २० रुपये वजा. एचआरवाले त्याची प्रिंट फायलीला लावतात आणि काम झालं असं सगळे समजतात. हे परीक्षण त्याच विम्याचं आहे, आणि तेही फक्त पगाराविना इंटर्नशिप किंवा ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने.

मत आधीच सांगतो. हा विमा घ्याच, २० रुपयांत याहून चांगला सौदा नाही. पण कारखान्यात किंवा दवाखान्यात विद्यार्थ्याला ज्या इजा खरोखर होतात, त्यांतल्या बहुतेकांना तो एक रुपयाही देत नाही. म्हणून याच्या जोडीला दुसरा विमा लागतोच, आणि तो काढण्याची जबाबदारी कॉलेजची आहे.

योजना २०१५ ची. सुरुवातीला हप्ता १२ रुपये होता, १ जून २०२२ पासून २० झाला. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय कायमचा गेला तरी २ लाख. एकच डोळा, एकच हात किंवा एकच पाय कायमचा गेला तर १ लाख. बस्स, इतकंच. दवाखान्याचं बिल यात नाही. प्लास्टर, टाके, एक्स-रे, रॉड घालायचं ऑपरेशन, यातलं काहीही नाही.

आता प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या विभागाचा, विचार करा. पॉवर प्रेसवर, शिअरिंग मशिनवर, बेल्ट-पुलीत जातं ते बोट. या योजनेत हात म्हणजे हात, बोट म्हणजे काहीच नाही. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली तरी क्लेम शून्य. कॉलेज जी सामूहिक वैयक्तिक अपघात पॉलिसी काढू शकतं, तिच्यात मात्र बोटांचा तक्ता असतो. आपल्याकडच्या नेहमीच्या तक्त्यात अंगठा पूर्ण गेला तर विमा रकमेच्या २५ टक्के, तर्जनीची तिन्ही पेरं गेली तर १० टक्के, मधल्या बोटाला ६, अनामिकेला ५, करंगळीला ४. म्हणजे २ लाखांच्या पॉलिसीत तर्जनीचे २० हजार. ही रक्कम मोठी नाही, पण शून्य आणि वीस हजार यांत फरक आहे. मेकॅनिकल, प्रॉडक्शन, टूल अँड डाय शाखांच्या मुलांसाठी हा तक्ता पॉलिसीत आहे की नाही, एवढी एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर तीच तपासा.

या विम्यातला सगळ्यात धोक्याचा भाग तारखेत आहे. त्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. नूतनीकरणाचा हप्ता मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून आपोआप जातो. विद्यार्थ्यांची खाती झिरो बॅलन्सची, शिष्यवृत्ती आली की काढून रिकामी केलेली. त्या आठवड्यात खात्यात २० रुपये नसले की हप्ता जात नाही, आणि ३१ मेच्या रात्री विमा संपतो. उन्हाळी इंटर्नशिप नेमकी जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. मोबाईलमध्ये मागच्या वर्षीचा मेसेज असतो, तोच दाखवला जातो, आणि गेटवर तारीख कोणी वाचत नाही. तेव्हा २५ मेच्या आधी खात्यात किमान शंभर रुपये ठेवा आणि १ जूननंतर पासबुक भरून घेऊन ती नोंद दिसते का बघा. नोंद नसेल तर शाखेत जाऊन किंवा नेट बँकिंगवरून पुन्हा सहभागी व्हा. विमा तेव्हा हप्ता कापल्याच्या तारखेपासून सुरू होतो, मागच्या तारखेने नाही. वर्षाच्या मध्यात घेतला तरी हप्ता पूर्ण २० रुपयेच आणि मुदत ३१ मेपर्यंतच.

दोन बँकांत खाती आहेत म्हणून दोनदा हप्ता भरू नका. दोन हप्ते गेले तरी संरक्षण एकाच खात्यावर, २ लाखांचंच. दुसरा कोणताही अपघात विमा याच्या जोडीला असेल तर मात्र दोन्हीकडून मिळू शकतं.

वयाचा मुद्दा डिप्लोमावाल्यांनी नीट लक्षात घ्यावा. दहावीनंतर पॉलिटेक्निकला आलेला मुलगा दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिपला जातो तेव्हा सतरा वर्षांचा असू शकतो. आयटीआयमध्ये तर त्याहून लहान मुलं असतात. १८ पूर्ण नाहीत तर ही योजना त्यांच्यासाठी नाहीच. अशा तुकडीसाठी संस्थेने सामूहिक पॉलिसी काढण्याला पर्याय नाही, आणि पालकांचं संमतीपत्रही वेगळं घ्यावं लागतं. लहान असताना उघडलेलं खातं १८ नंतर नव्याने केवायसी केल्याशिवाय नीट चालत नाही. हप्ता न जाण्याचं ते आणखी एक कारण.

'कंपनी बघून घेईल' ही समजूत कुठून येते तेही सांगायला हवं. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ खाली नोंदणी झालेल्या अप्रेंटिसला विद्यावेतन मिळतं, आणि प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) गणित पगारावर चालतं: पगार, त्यातून वर्गणी, त्यावर उपचार. कॉलेजच्या पत्रावर आलेला, एक रुपया न घेणारा इंटर्न या दोन्हींत आपोआप बसत नाही. शेजारच्या मशिनवरच्या कामगाराचं बोट कापलं तर तो ईएसआय कार्ड घेऊन जातो. त्याच मशिनवर उभ्या मुलाच्या हातात कॉलेजचं पत्र असतं. म्हणून हे पत्र आणि त्यामागची पॉलिसी नीट असणं इतकं महत्त्वाचं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर हा प्रश्न इंजिनिअरिंग-फार्मसीपुरता राहिलेला नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत सांगली, सातारा, कोल्हापूर येतात, आणि आता एमए, एमकॉमच्या मुलांनाही पहिल्या वर्षी ४ क्रेडिटचं ओजेटी आहे. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. डी. फार्मच्या मुलांना किमान तीन महिन्यांत ५०० तास, बी. फार्मला १५० तास. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर हिशेब शिकणारी मुलगी आणि मिरजेच्या दवाखान्यातल्या औषध विभागात बसणारा मुलगा, दोघांची जोखीम वेगळी, पण कागद एकच मागितला जातो.

दवाखान्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी २० रुपयांचा विमा जवळजवळ निरुपयोगी आहे. तिथला धोका सुई टोचण्याचा. त्यासाठी काम सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बीची लस घ्यायची असते: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. जूनला रुजू व्हायचं असेल तर डिसेंबरात सुरुवात हवी. रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात प्रमाणपत्र मिळवायला धावून काही होत नाही. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच कॅज्युअल्टीत नोंद करा. एचआयव्हीविरोधी औषधं शक्य तितक्या लवकर, दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. सरकारी रुग्णालयात ती मिळतात. खासगी दवाखान्यात इंटर्नशिप असेल तर त्या तपासण्यांचा आणि औषधांचा खर्च कोण करणार, हे स्वीकृतीपत्रात लिहून घ्या.

आता सामूहिक पॉलिसीकडे. कॉलेजकडे ती असते, पण तिची प्रत विद्यार्थ्याने पाहिलेली नसते. मागा. चार ठिकाणी बोट ठेवून वाचा. संरक्षण 'महाविद्यालयाच्या आवारात' आहे की चोवीस तास, कुठेही? आवारापुरतं असेल तर कुपवाडच्या शेडमध्ये ते लागू नाही, आणि विमा कंपनीकडून इंटर्नशिपसाठी वेगळं पुरवणीपत्र घ्यावं लागेल. तुमचं नाव यादीत आहे का? थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांची नावं हमखास राहतात, कारण यादी पहिल्या वर्षी दिलेली असते. पॉलिसीची मुदत इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवसाच्या पुढे जाते का? आणि उपचार खर्चाचं कलम कसं आहे? ही शेवटची जागा फसवी. काही पॉलिसींत उपचार खर्च हा अपंगत्वाच्या मंजूर रकमेच्या टक्क्यांत असतो. अपंगत्व नाही तर मूळ क्लेम नाही, आणि मूळ क्लेम नाही तर बिलही नाही. हात मोडून दीड महिन्यात बरा झालेल्या मुलाला काहीच मिळत नाही. म्हणून उपचार खर्च स्वतंत्र आणि ठरावीक रकमेचा मागा.

कॉलेज हे करत नसेल तर पोस्टाकडे वळा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतून २०२२ पासून १० लाखांचा अपघात विमा मिळू लागला, तेव्हा हप्ता २९९ आणि ३९९ रुपये होता. त्यात ॲडमिट झाल्यास ६० हजारांपर्यंत आणि ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांना ३० हजारांपर्यंत खर्च होता. वय १८ ते ६५, पेमेंट्स बँकेचं खातं आवश्यक. हप्ते आणि विमा कंपन्या पुढे बदलत गेल्या, त्यामुळे काउंटरवर एकच विचारा: ॲडमिट न होता केलेल्या उपचारांचा खर्च किती? इंटर्नला लागतं ते हेच. आमच्या मते एकट्या विद्यार्थ्यासाठी सुरक्षा बीमा आणि हा विमा अशी जोडी सगळ्यात स्वस्त आणि पुरेशी. मोठं ऑपरेशन लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण अंगीकृत रुग्णालयात दाखल होऊन आणि ठरलेल्या यादीतलेच. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आधी पाहा.

सांगली-मिरज-कुपवाड हा रोजचा फेरा बहुतेक मुलं दुचाकीवर करतात, म्हणून एक गैरसमज दूर करायला हवा. गाडीच्या विम्यातलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण गाडीच्या मालकाला असतं, तेही तो स्वतः लायसन्स घेऊन चालवत असताना. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा चालवतो तेव्हा ते त्याला मिळत नाही. मागे बसलेल्या मित्रालाही नाही. आणि लायसन्स नसताना चालवली तर अपघात पॉलिसीचा क्लेमही अडतो.

क्लेम फेटाळला जातो तो बहुतेकदा पहिल्या तासातल्या एका वाक्यामुळे. शेडमध्ये इजा झाली की 'घरी पडला म्हणून सांग, पोलिसांची भानगड नको' असा सल्ला कोणीतरी देतो. कॅज्युअल्टीत ते लिहिलं गेलं की पुढचा प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून पाहिला जातो. जे घडलं तेच सांगा: कुठे, किती वाजता, कोणत्या मशिनवर. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची दवाखान्यातली) नोंद करून घ्या, तिचा नंबर लिहून ठेवा. सुरक्षा बीमाचा दावा अपघातापासून ३० दिवसांत बँकेच्या शाखेत द्यायचा असतो. फॉर्म जनसुरक्षा संकेतस्थळावर मराठीतही आहे. सोबत एफआयआर किंवा पंचनामा, मृत्यू असेल तर मृत्यूचा दाखला आणि शवविच्छेदन अहवाल, अपंगत्व असेल तर सिव्हिल सर्जनचा दाखला. वारसदाराची नोंद केलेली नसली की घरच्यांना वारसाच्या कागदांसाठी खेटे घालावे लागतात. फॉर्म भरताना ती एक ओळ रिकामी सोडू नका.

कंपनी कधी एक छापील हमीपत्र पुढे करते: 'कोणत्याही अपघाताला कंपनी जबाबदार राहणार नाही, सर्व जबाबदारी माझी.' कॉलेजच्या समन्वयकाला दाखवल्याशिवाय यावर सही करू नका. कंपनीशी करार विद्यार्थ्याने एकट्याने करायचा नसतो. त्यावर कॉलेज, कंपनी आणि विद्यार्थी तिघांच्या सह्या हव्यात आणि त्यात विभाग, वेळ, मार्गदर्शकाचं नाव, सेफ्टी शूज-गॉगल कोण देणार आणि अपघात झाल्यास पहिला फोन कोणाला, हे असावं. स्वीकृतीपत्र, कॉलेजचं पत्र, पॉलिसी आणि लॉगबुक या चारही ठिकाणी तारखा एकच हव्यात. पत्रात १० जून आणि मुलगा ३ जूनपासून जातोय, असं असेल तर मधला आठवडा तो कागदोपत्री तिथे नाहीच.

शेवटच्या आठवड्यात कंपनी म्हणते, 'अजून पंधरा दिवस थांब, एवढं काम संपवून जा.' मुलं खुशीने थांबतात. पण कॉलेजचं पत्र आणि तात्पुरती काढलेली पॉलिसी जुन्याच तारखेला संपते. थांबायचं असेल तर मुदतवाढीचं पत्र आणि विम्याची वाढीव तारीख आधीच्या मुदतीच्या आत हातात घ्या. ते येईपर्यंत मशिनवर जाऊ नका, ऑफिसात बसून रिपोर्ट लिहा.