आधी ‘सनसेट बुलेव्हार्ड’ की ‘ऑल अबाउट ईव्ह’?

दोन्ही चित्रपट १९५० चे, दोन्ही कृष्णधवल आणि दोन्हींच्या मध्यभागी वयाची धास्ती घेतलेली नटी. ‘सनसेट’मधली नॉर्मा डेस्मंड पन्नाशीची, मूकपटांच्या काळातली विसरली गेलेली तारका. ‘ईव्ह’मधली मार्गो चॅनिंग चाळिशीची आणि न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर अजून जोरात असलेली. म्हणूनच जुनं हॉलिवूड बघायला घेतलेला माणूस या दोघींपाशी अडतो. कथानक वाचून हा गुंता सुटत नाही. कॅमेऱ्यापुढे आणि मागे कोण आहे ते बघितलं, की सुटतो.

‘सनसेट’मध्ये दिग्दर्शक बिली वायल्डरने निम्मी गोष्ट पात्रनिवडीतूनच सांगून टाकली आहे. नॉर्मा झालेली ग्लोरिया स्वान्सन स्वतः मूकपटांची बडी तारका होती. तिचा नोकर मॅक्स झालेला एरिक फॉन श्ट्रोहाइम हा त्याच काळातला मातब्बर दिग्दर्शक. नॉर्मा घरी पडदा लावून आपला जुना चित्रपट बघते, तो आहे ‘क्वीन केली’. दिग्दर्शक श्ट्रोहाइम, नायिका स्वान्सन, आणि दोघांचं बिनसल्यामुळे अर्धवट राहिलेला. त्याची रिळं पडद्यावर चालवतो तो मॅक्सच! हे ठाऊक असलं की तो प्रसंग बघताना घशाशी काहीतरी येतं. नॉर्माकडे पत्ते खेळायला बसलेल्यांत मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन आहे, आणि दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल हा डिमिल म्हणूनच, आपल्या ‘सॅमसन अँड डिलायला’ या चित्रपटाच्या सेटवर भेटतो. कोणालाही मेकअप करून ‘जुना काळ’ आणावा लागलेला नाही.

नायकाची भूमिका आधी माँटगोमेरी क्लिफ्टची होती. त्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि विल्यम होल्डनचं नशीब उघडलं. छायालेखक जॉन साइट्झची करामत पहिल्या काही मिनिटांतच दिसते: पाण्यात तरंगणारं प्रेत खालून बघितल्यासारखं दिसतं, पण कॅमेरा पाण्यात नव्हताच. तळाशी आरसा ठेवून त्यातलं प्रतिबिंब टिपलं आहे. एक उणीव मात्र सांगायला हवी. नॅन्सी ओल्सनने केलेलं बेटी हे पात्र फार सपाट लिहिलं गेलं आहे. ते आलं की चित्रपटाचा ताण सैल पडतो.

‘ईव्ह’ हा लेखकाचा चित्रपट. मेरी ऑरच्या एका कथेवरून जोसेफ मँकिविझने पटकथा लिहिली आणि दिग्दर्शनही केलं. मिल्टन क्रॅस्नरचा कॅमेरा बहुतेक वेळ बाजूला उभा राहून माणसांना बोलू देतो. आणि ती काय बोलतात! जॉर्ज सँडर्सचा नाट्यसमीक्षक आवाज न चढवता समोरच्याची सालं काढतो. त्या कामाला ऑस्कर मिळालं ते रास्तच. माझी आवडती मात्र थेल्मा रिटर. ही मार्गोची मदतनीस. चाहती म्हणून मार्गोच्या घरात शिरलेल्या ईव्हची गोड गोड सेवा पाहून सगळे विरघळत असताना हिला पहिला वास लागतो. मार्लिन मन्रोही आहे, स्टार होण्याआधीची, मोजक्या प्रसंगांत. मार्गोसाठी आधी क्लॉडेट कोलबर्ट ठरली होती. तिच्या पाठीला दुखापत झाली म्हणून बेटी डेव्हिस आली. आता दुसऱ्या कोणाची मार्गो डोळ्यांपुढे आणताच येत नाही. तालमी, विंगेतली कुजबुज, मुख्य नटीऐवजी ऐनवेळी उभी राहायला टपलेली दुसरी नटी, हे सारं नाटकवेड्या माणसाला फार जवळचं वाटेल.

दोन्ही चित्रपटांना जोडणारी एक बाई आहे, वेशभूषाकार ईडिथ हेड. ती पॅरामाउंट स्टुडिओची, ‘सनसेट’ तिथलाच. ‘ईव्ह’साठी फॉक्स स्टुडिओने तिला डेव्हिसच्या कपड्यांपुरतं मागून घेतलं. पार्टीच्या प्रसंगातल्या ड्रेसचं माप चुकून गळा सैल झाला, तेव्हा डेव्हिसने तो खांद्यांवरून खाली ओढला आणि तसाच घातला, अशी आठवण हेडने सांगितली आहे. चित्रपटात तो तसाच दिसतो.

पुरस्कारांवरून ठरवू नका. ‘ईव्ह’ला १४ नामांकनं आणि ६ ऑस्कर, ‘सनसेट’ला ११ आणि ३. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी स्वान्सन, डेव्हिस आणि ईव्ह झालेली अॅन बॅक्स्टर अशा तिघी होत्या. तिघींना मागे टाकून जूडी हॉलिडे जिंकली.

‘ईव्ह’ १३८ मिनिटांचा, आणि त्यातला एकही संवाद निसटू द्यायचा नाही. सबटायटल्स लावा आणि थकलेल्या रात्री तो सुरू करू नका. ‘सनसेट’ ११० मिनिटांचा. इंग्रजी कानाला सरावाचं नसलं तरी चेहऱ्यांवरून आणि प्रकाशावरून पोचतो. म्हणून माझं मत, आधी ‘सनसेट’. डिमिलच्या सेटवर नॉर्मा खुर्चीत बसलेली असते. ध्वनिमुद्रणाचा माइक सरकत येऊन तिच्या टोपीच्या पिसाला लागतो, ती रागाने तो ढकलते. मग वरून एक म्हातारा लाइटमन तिला ओळखतो आणि दिव्याचा झोत तिच्यावर वळवतो. त्या एका मिनिटासाठी तरी आधी ‘सनसेट’ लावा.