पडवीतला बोलता फळा: सॉफ्ट बोर्ड, काचेची पेटी की चुंबकी बोर्ड?

वाचनालयासाठी किंवा देवस्थान समितीसाठी नोटीस बोर्ड मागितला, की म्हापसा, फोंडा, मडगाव कुठेही गेलात तरी साधारण तीनच प्रकार समोर येतात: कापड लावलेला सॉफ्ट बोर्ड, सरकत्या काचांची कुलूपबंद पेटी आणि चुंबक धरणारा पांढरा बोर्ड. नुसती सूचना लावायची तर तिन्ही चालतात. पण लोकांनी थांबून वाचावे, उत्तर लिहून खाली लावावे आणि त्या उत्तराला आणखी कोणी तरी टोकावे, असे हवे असेल तर निवड बदलते. खालचे परीक्षण त्याच कामापुरते आहे.

काचेची पेटी आधीच बाजूला ठेवावी. समित्यांना तीच जास्त आवडते, कारण किल्ली सचिवाकडे राहते. घोडे तिथेच अडते. सचिव संध्याकाळी कामावरून घरी येईपर्यंत ज्याला काही लिहायचे होते तो निघून गेलेला असतो. शिवाय पावसाळ्यात आतली दमट हवा बाहेर पडत नाही, काचेवर वाफ धरते आणि कागद लाटांसारखे वाकतात. वर्षाचा जमाखर्च आणि आमसभेची नोटीस यांसाठी पेटी ठीक.

सॉफ्ट बोर्ड स्वस्त, हलका आणि दिसायला छान. त्याच्या पोटात काय आहे ते मात्र विचारून घ्या. बऱ्याच बोर्डांत दाबलेल्या लाकडी तंतूंचा तक्ता असतो, हलक्या मालात थर्माकोल. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या हवेत तंतूंचा तक्ता ओल पितो, मध्यभागी फुगतो आणि टाचणी ढिली बसते. कापडावर आधी राखाडी ठिपके येतात, ती बुरशी. साध्या लोखंडी टाचण्या गंजून प्रत्येक कागदाला तपकिरी भोक पाडतात. त्याहून मोठा शत्रू मागची भिंत. चिऱ्याची भिंत पाणी शोषते, आणि बोर्ड तिला चिकटवून ठोकला तर ओल थेट पाठीतून शिरते, वाळवीलाही आयती वाट मिळते. चार कोपऱ्यांत इंचभर जाडीचे प्लॅस्टिकचे तुकडे देऊन मागे हवा खेळती ठेवली, तरच तो टिकतो. खोलीच्या आत सॉफ्ट बोर्ड जरूर लावावा, उघड्या पडवीत नको.

पडवीसाठी आमचे मत चुंबकी बोर्डाला. पत्र्याला बुरशी धरत नाही, पुसता येतो, आणि वरच्या पट्टीत मार्करने प्रश्न लिहिता येतो. घेताना दुकानातच चुंबक लावून पाहा: चार कागद धरताना घसरला तर पत्रा पातळ आहे. कडेची चौकट अॅल्युमिनियमची हवी, कोपऱ्यांत पत्र्याची कापलेली धार उघडी नसावी. समुद्राजवळच्या गावांत गंज तिथूनच सुरू होतो. चुंबक हरवतात, मुले नेतात. हे गृहीत धरून दुप्पट घ्यावेत.

माप ४ × ३ फूट पुरे. त्यावर ए-४ कागद उभे लावले तर एका ओळीत पाच बसतात. दोन ओळी झाल्या की खाली साधारण फूटभर जागा उरते, ती उत्तरांसाठी राखायची. ए-४ चे चार तुकडे केले की एक चिठ्ठी, आणि अशा सोळा चिठ्ठ्या त्या पट्ट्यात आडव्या मावतात. लोक वरचे दहा कागद भरतात आणि खालची जागा विसरतात. मग फळा नुसता भरलेला दिसतो, बोलत नाही. बोर्डाची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेवा, म्हणजे शाळकरी पोरांचाही हात पोचतो. मान्सूनचे वारे नैर्ऋत्येचे, म्हणून शक्यतो पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत. शेजारी दोऱ्याला बांधलेले बॉलपेन हवे. जेल पेनची आणि इंकजेट प्रिंटची शाई दमट हवेत पसरते.

आता खरे काम. ‘आपले मत कळवा’ या पाटीला कोणी उत्तर देत नाही. प्रश्न असा हवा की त्यावर दोन ओळींत काही तरी ठोस लिहिता येईल: ‘माटोळीला लागणारे कोणते रानफळ तुमच्या वाड्यावर आता मिळत नाही?’ (माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायचे फळा-पानांचे छत) किंवा ‘जत्रेच्या नाटकाला यंदा ऐतिहासिक हवे की सामाजिक, आणि का?’ प्रश्न लावतानाच दोन खऱ्याखुऱ्या चिठ्ठ्या आधी लावून ठेवा, आणि त्या एकमेकींशी न जुळणाऱ्या असू द्या. रिकाम्या पट्ट्यावर पहिली चिठ्ठी लावायला माणूस बुजतो. आठवड्याने प्रश्न बदला, जुन्या चिठ्ठ्या तारीख घालून फाइलमध्ये ठेवा. समितीला विचारलेल्या प्रश्नाला समितीने त्याच फळ्यावर उत्तर द्यायचे. दोन-तीनदा ते राहिले की पट्टा ओस पडतो.

चिठ्ठी मराठीत येईल, देवनागरी कोकणीत येईल, रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीतही येईल. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केले, तो वाद इथे उकरू नये, सगळ्या तशाच राहू द्याव्यात. चिठ्ठीखाली नाव सक्तीचे केले की सुना आणि पोरे लिहीत नाहीत. वाड्याचे नाव पुरे. काढायची ती फक्त वैयक्तिक निंदा आणि प्रचार, तीही समितीतल्या दोघांच्या संमतीने, आणि काढल्याची नोंद त्याच जागी लावून. नाही तर ‘आमची चिठ्ठी फाडली’ एवढाच विषय गावात उरतो. पंचायत निवडणुकीच्या दिवसांत तर हे हमखास. ट्यूशन आणि भाड्याच्या खोलीच्या जाहिरातींना उजवा वरचा कोपरा, एक कागद, त्यापलीकडे नाही.

ऑर्डर देताना बोर्डाबरोबर वर एक फूट पुढे आलेली पत्र्याची पट्टीही बनवून घ्या. अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारा कोणीही ती करून देतो. तिरका पाऊस तिने बराच अडतो, आणि तिच्या आतल्या बाजूला लहान एलईडी पट्टीही बसते. दिवेलागणीनंतर वाचणारे कमी नसतात.